चौदा पिवळे स्टिकर आणि एक ओळंबा : इंग्लंडमधल्या एका गावच्या चर्चच्या आवारातल्या, थडग्यांवरच्या जुन्या स्लेटच्या दगडांचं प्रकरण

गावाचं नाव आणि माणसांची नावं देत नाहीये. इथे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि ज्यांच्याकडून चुका झाल्या ती माणसं चांगलीच आहेत. त्या चुकांत माझीही एक आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

आम्ही लेस्टरला नोकरी करतो आणि राहतो शहराबाहेर, बीव्हरच्या खोऱ्याच्या कडेला एका छोट्या गावात. (या नावाचं स्पेलिंग वाचलं तर बेल्व्हॉयर होतं, पण तसं म्हटलं की लोक हसतात, मी पहिलं वर्षभर तसंच म्हणत होते.) लेस्टरशायर, नॉटिंगहॅमशायर आणि लिंकनशायर जिथे एकमेकांना भिडतात तिथला हा सखल, चिकणमातीचा भाग. गावात एक पब, एक शाळा आणि एक मध्ययुगीन चर्च. मी चर्चला जाणारी नाही, पण आवारातून चालत जाणं रोजचंच, आणि एक दिवस चर्चची व्यवस्था बघणाऱ्या चर्चवॉर्डनबाईंनी विचारलं की आवाराची देखभाल बघणाऱ्या गटात हिशोब ठेवायला कोणी नाही, येशील का. मी अकाउंटंट. झालं, अडकले.

या आवारात साधारण साठ दगड स्विथलँड स्लेटचे आहेत. आपण ज्या पाटीवर बाराखडी गिरवली त्याच जातीचा दगड, फक्त माणसाच्या खांद्याएवढा उंच आणि चार बोटं जाड. लेस्टरच्या वायव्येला चार्नवूड फॉरेस्टच्या टेकड्या आहेत, तिथल्या स्विथलँड, ग्रोबी वगैरे गावांजवळच्या खाणींतून तो निघायचा. रोमन काळापासून तो छपरांना वापरत आलेत, आणि सतराव्या शतकाच्या शेवटापासून थडग्यांवर. पन्नास कोटी वर्षांहून जुना दगड आहे हा, आणि गंमत म्हणजे त्याचं वय ठरवायला थडगीच कामाला आली. रॅटबी नावाच्या गावच्या चर्चमधल्या अशा दगडांवर कुठल्याशा समुद्री किड्याने केलेल्या बिळांचे ठसे सापडले आणि त्यावरून हा दगड आधी मानत होते त्यापेक्षा नवा, म्हणजे कँब्रियन काळातला, असं भूशास्त्रवाल्यांनी 1990च्या दशकात मांडलं.

हा दगड वेल्सच्या स्लेटसारखा पातळ पापुद्रे होऊन सुटत नाही, जाड आणि ओबडधोबड फुटतो, म्हणून पुढची बाजू घासून आरशासारखी केलेली आणि मागची तशीच खडबडीत सोडलेली असते. मागून हात फिरवला की कळतं स्विथलँड आहे. तो सहज सुटत नाही म्हणूनच तीनशे वर्षं टिकतो. शेजारी वालुकाश्माचे शंभर वर्षांचे दगड साबणासारखे झिजलेत, आणि स्लेटवरचं 1720चं अक्षर असं की छिन्नी आत्ताच खाली ठेवलीय. पुढे कालवे आले (ग्रँथम कालवा 1797 सालचा), मग रेल्वे आली, वेल्सची स्लेट स्वस्तात पोचायला लागली आणि 1880च्या दशकात स्विथलँडच्या खाणी बंद पडल्या. म्हणजे आता एखादा दगड तुटला तर तसाच दुसरा मिळत नाही.

आमच्याकडचे सगळ्यात मोलाचे म्हणजे 'बीव्हर एंजल'. साधारण 1690 ते 1760 या काळात या खोऱ्यात एक खास पद्धत होती : दगडाच्या माथ्यावर समोर बघणारा गोल चेहरा, गळ्याशी झालरीची कॉलर, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. कोरीव काम अगदी गावठी, सुंदर वगैरे म्हणता येणार नाही, काही चेहरे चक्क आश्चर्यचकित झालेल्या मुलासारखे दिसतात. असे 300च्या वर दगड या भागात आहेत, हिकलिंग गावात तर एकाच आवारात खूप. बहुतेक कोणी कोरले ते माहीत नाही. नंतरच्या पिढीतले पाथरवट मात्र खाली सही करायचे, बिंगहॅमचे वुड, रॅडक्लिफचे स्पॅरो, स्विथलँडचे हाइंड अशी नावं सापडतात, आणि त्यांचं अक्षर म्हणजे बोरूने काढल्यासारखं वळणदार. आमच्याकडे एंजल नऊ.

अडचण

आमचं आवार 'बंद' आहे, म्हणजे तिथे नवीन दफन होत नाही, आणि 1972च्या कायद्याप्रमाणे देखभालीची जबाबदारी कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे, गेलेली. जमीन मात्र चर्चची. आणि दगड? दगड ज्याने उभा केला त्याचा, आणि तो गेल्यावर ज्याच्या नावाने उभा आहे त्याच्या वारसांचा. 1724 साली गेलेल्या माणसाचे वारस कुठे शोधायचे हा वेगळाच प्रश्न. त्यावर चर्च ऑफ इंग्लंडचा नियम असा की आवारातल्या दगडाला हात लावायचा तर डायोसिसची (म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाची) परवानगी लागते, तिला 'फॅकल्टी' म्हणतात, आणि ती देतो चान्सलर नावाचा चर्चचाच न्यायाधीश. म्हणजे गवत कापणार एक, जमीन दुसऱ्याची, दगड तिसऱ्याचा आणि होकार चौथ्याचा.

मार्चमध्ये, पावसाळी हिवाळा संपता संपता, कौन्सिलने नेमलेला कॉन्ट्रॅक्टर आला आणि त्याने सगळे दगड हाताने ढकलून बघितले. चौदा दगडांवर पिवळे स्टिकर : 'असुरक्षित, हात लावू नका'. सोबत शिफारस की हे चौदाही आडवे करावेत. चौदांत नऊ दगड विसाव्या शतकातले, चौथऱ्यावर बसवलेले. पाच जुने स्लेटचे. त्या पाचांत दोन एंजल.

लोक घाबरले आणि ते चुकीचं नव्हतं. शाळेची मुलं त्याच वाटेने जातात, आणि 2000 साली हॅरोगेटमध्ये दगड अंगावर पडून एक लहान मुलगा गेला होता ते इथल्या वयस्कर लोकांना अजून आठवतं. त्यानंतर देशभर कौन्सिलांनी दगड ढकलून बघण्याचा आणि आडवे करण्याचा सपाटा लावला, इतका की 2009 साली न्याय मंत्रालयाला मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं की धोका खरं तर फार कमी आहे, बेताने घ्या, दगड आडवा करणं हा पहिला उपाय नव्हे. आमच्या मीटिंगमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

पहिली मीटिंग

निर्णयाची पहिली जागा ही, आणि इथे आम्ही जवळजवळ चुकलो होतो. एप्रिलच्या सुरुवातीला चर्चच्या स्वतःच्या समितीची मीटिंग झाली, नऊ माणसं, चहा, बिस्किटं, आणि वीस मिनिटांत ठरलं की कौन्सिल म्हणतंय तर करू द्या आडवे. कोणी विरोध केला नाही कारण विरोध करणं म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळणं असं वाटत होतं. मी मिनिट्स लिहीत होते, तेव्हा फक्त एवढं विचारलं की याला ती फॅकल्टी लागते का. व्हिकरबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, थांबल्या, म्हणाल्या, 'हो, लागत असेल, विचारून घेऊ.' त्या एका प्रश्नाने सहा आठवडे मिळाले. मला दगडांचं काही कळत होतं म्हणून विचारलं असं नाही, अकाउंटंटला सही कोणाची लागते हे आधी सुचतं इतकंच.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा कराडला असतात, आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर. फोटो पाठवले होते. त्यांनी विचारलं, 'जमिनीत किती आहे?' मला माहीत नव्हतं. 'अगं मग पडेल असं म्हणाला कोण? आणि वाकलाय किती ते सोड, अजून वाकतोय का ते बघ. ओळंबा लाव.'

पर्याय

सहा आठवड्यांत जे पर्याय समोर आले ते इथे लिहिते, सगळ्यांना सारखी जागा देत नाही कारण सगळे सारखे नव्हतेच.

आडवे करणं. स्वस्त, झटपट, आणि दगड 'जागेवरच राहतो' म्हणून भावनिकदृष्ट्याही बरं वाटतं. पण उभ्या दगडावरून पाणी निथळून जातं, आडव्यावर साचतं. स्लेट म्हणजे शेवटी थरांचा दगड, कडेने पाणी आत जातं, थंडीत गोठतं, फुगतं आणि पापुद्रा उचलतो. वरून गवत कापायच्या मशीनची चाकं जातात, माणसं चालतात, दहा-वीस वर्षांत हिरवळ चारी बाजूंनी आत सरकते आणि दगड गायब. आमच्याच आवारात उत्तरेच्या बाजूला साठीच्या दशकात आडवे केलेले चार दगड आहेत असं जुन्या नकाशावर आहे, आम्हाला दोनच सापडले, आणि त्यातल्या एकाच्या चेहऱ्याचा पापुद्रा हातात आला.

भिंतीला लावून ओळीने उभे करणं. इंग्लंडमध्ये हे खूप ठिकाणी झालंय, गवत कापायला सोयीचं पडतं. मला बघितल्याबरोबर आपल्याकडचे वीरगळ आठवले, शेतातून-वेशीवरून उचलून देवळाच्या भिंतीला टेकवलेले आणि वर ऑइलपेंट. दगड वाचतो, पण कुठल्या माणसाचा, कुठल्या जागेचा हे कायमचं जातं. गटात एकालाच हा पर्याय आवडला होता, ते गवत कापणारे काका, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती कारण स्ट्रिमर फिरवताना दगडाच्या पायथ्याला मार बसतो तो ते स्वतःच बघत होते.

काँक्रीटमध्ये घट्ट बसवणं. एका स्मारकवाल्याचं कोटेशन आलं, दगडामागे 200 पौंडांच्या आत, पुढच्या आठवड्यात करून देतो म्हणाला. मीटिंगमध्ये निम्मे लोक याच्या बाजूने, आणि खरं सांगते, मीही होते. काँक्रीट म्हणजे मजबूत हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय.

खणून, जुन्या पद्धतीने मातीत परत उभे करणं. दगडाचं काम जाणणाऱ्या कॉन्झर्व्हेटरचं कोटेशन चौपट.

चांगले दोन एंजल चर्चच्या आत नेणं. व्हिकरबाईंना हे आवडलं होतं. पण मग ते थडगं राहत नाही, म्युझियमची वस्तू होते, आणि तीनशे वर्षं पावसात राहून ज्याला काही झालं नाही त्याला आत का न्यायचं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

आणि काहीच न करणं, फक्त बघत राहणं. हा पर्याय कोणी मांडलाच नव्हता, कारण तो पर्याय वाटतच नाही.

सल्लागार आले तो दिवस

डायोसिसच्या सल्लागार समितीला ईमेल केल्यावर मे महिन्यात त्यांचे एक वयस्कर सल्लागार आले. त्यांनी दगड बघण्याआधी स्टिकर बघितला आणि कपाळाला हात लावला. स्टिकरचा गोंद. एक स्टिकर काढला तर त्याच्याबरोबर नाण्याएवढं दगडफूल निघून आलं. (हो, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे याच कुळातलं. इथल्या आवारांत त्याच्या कितीतरी जाती आहेत आणि काही वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात.)

मग त्यांनी मला विचारलं की पुढे झुकलेल्या एंजलच्या अक्षरांत हे पांढरं काय आहे. ही माझी चूक. एप्रिलमध्ये फोटो काढताना अक्षर नीट दिसेना, आणि समोर साक्षात पाटी, मी घरून खडू आणला आणि आडवा फिरवला. काय सुंदर दिसलं सगळं. लहानपणी केलं तेच केलं हो, पण खडूची पूड बारीक खाचेत बसते, निघता निघत नाही, आणि काढायला घासलं तर पॉलिश जातं. ते रागावले नाहीत, त्यांनी गाडीतून एक साधा आरसा आणला, मला चर्चच्या सावलीत दगडाजवळ उभं केलं आणि स्वतः लांब उन्हात उभं राहून आरशाने दगडावर कडेने, अगदी तिरका उजेड पाडला. एक न् एक अक्षर उठून आलं. पैसा शून्य, इजा शून्य. त्यांनी सांगितलं की लोक पीठ लावतात, शेव्हिंग फोम लावतात, तारेचा ब्रश मारतात, ब्लीच ओततात. शेवटच्या दोन गोष्टी आमच्याच 'स्वच्छता दिनाला' एका दगडावर झाल्या होत्या, त्यावर आता कायमच्या पांढुरक्या रेघा आहेत.

त्या उजेडात तारीख वाचता आली : फेब्रुवारी 1723/4. दोन वर्षं का? तर 1752 पर्यंत इंग्लंडचं नवीन वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे जवळपास आपल्या पाडव्याच्या सुमाराला, मग जानेवारी ते मार्चमधल्या मरणाचं साल कुठलं लिहायचं हा घोळ, म्हणून दोन्ही कोरायचे. त्याच दगडावर एका ओळीत शब्द मावला नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं बारीक करून वर डोक्यावर बसवलीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचाही अंदाज चुकला होता हे बघून मला खडूबद्दल जरा बरं वाटलं.

मुद्द्याची गोष्ट त्यांनी ही सांगितली. ढकलून बघायची टेस्ट विसाव्या शतकातल्या दगडांसाठी ठीक आहे, कारण त्यात चौथरा वेगळा, दगड वेगळा, मध्ये सिमेंटचा सांधा, आणि तो सांधा सुटला की दगड खरंच पडतो. जुना स्लेटचा दगड म्हणजे एकच अखंड फळी, तिचा खालचा भाग जमिनीत गाडलेला. ढकलला तर हलतो, कारण माती दबते. खुंट हलला म्हणजे उपटला असं नाही.

आणि काँक्रीट? खाली मातीत असला तर दगड थोडा डुलतो, जमीन फुगली-आकसली की तिच्याबरोबर सरकतो. काँक्रीटमध्ये पकडला की डुलायची सोय गेली, मग वारा असो की मशीनचा धक्का, सगळा ताण बरोबर जमिनीच्या रेषेवर येतो आणि दगड तिथेच मोडतो. शिवाय त्या रेषेवर पाणी धरून राहतं ते वेगळंच.

प्रत्यक्षात काय केलं

आधी धोका कुठे आहे ते वेगळं केलं. नऊ नव्या दगडांपैकी तीन खरंच सुटे होते, त्यांना लगेच दोर बांधून वाट वळवली आणि कौन्सिलने ते सहा आठवड्यांत नीट बसवून दिले, त्यांच्या वारसांना पत्रं पाठवून. म्हणजे ज्या दगडांबद्दल कोणी भांडत नव्हतं तेच खरे धोक्याचे निघाले. उरलेल्या सहांना काही करायची गरज पडली नाही.

पाच स्लेटच्या दगडांसाठी मी ओळंबा सुरू केला. दगडावर खूण करायची नाही, म्हणून बाबांनी व्हिडिओ कॉलवर सांगून माझ्याकडून एक लाकडी फळी बनवून घेतली, दगडाच्या खांद्यावर एकाच जागी बरोबर बसेल अशी, तिला दोरी आणि शिसं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरीपासून पायथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. शिवाय एका पातळ लोखंडी सळीने समोरून टोचून दगड किती खोल आहे ते बघितलं, सगळ्यात झुकलेला एंजल वर चार फूट आणि खाली दोन फुटांच्या आसपास.

एप्रिलमध्ये त्या एंजलचं माप होतं 19 सेंटिमीटर. दिसायला भयंकर. जूनमध्ये तेवढंच. मग कोरडा उन्हाळा आला, चिकणमाती आकसली, आवारात बोटं जातील अशा भेगा पडल्या, आणि ऑगस्टमध्ये माप चार मिलिमीटरने वाढलं. तेव्हा मी खरंच घाबरले, वॉर्डनबाईंना रात्री मेसेज केला, आपण चुकलो का. त्यांचं उत्तर आलं, 'नोव्हेंबरपर्यंत थांबू, तोवर दोर लावते.' ही निर्णयाची दुसरी मोठी जागा आणि ती पूर्णपणे त्यांची. नोव्हेंबरमध्ये पाऊस झाला, माती फुगली, आणि माप परत एप्रिलच्या जागी. दगड पडत नव्हता, जमिनीबरोबर श्वास घेत होता म्हणा ना. बहुतेक तीनशे वर्षं हेच चाललंय.

पाचपैकी तीन दगड तर जागचे हललेच नाहीत, ते यादीतून काढले. झुकलेला एंजल आणि दुसरा एंजल एवढेच उरले. झुकलेला का? तर लक्ष ठेवूनही शाळेची वाट अगदी दीड फुटावर होती, आणि दुसरा का, तर तो दिसायला जवळजवळ सरळ, पण ढकलला की जमिनीच्या रेषेशी बारीक खडखडायचा. मला ते तेव्हा नीट समजलं नाही. समजायला हवं होतं.

दोघांच्या फॅकल्टीसाठी अर्ज केला, 28 दिवस नोटीस चर्चच्या दारावर लावली. गावात त्याच आडनावाचं एक घर आहे, त्यांच्याकडे गेले, आजोबा म्हणाले, 'आमचे असतील किंवा नसतील, तुम्ही काळजी घेताय ना, मग झालं,' आणि मला अर्धा डझन अंडी दिली. कोणाचा आक्षेप आला नाही. फेब्रुवारीत परवानगी आली, मेमध्ये काम. पैसे अर्धे कौन्सिलने दिले, अर्धे आम्ही केक विकून आणि एका संध्याकाळी टॉर्चच्या तिरक्या उजेडात आवार दाखवायचं तिकीट लावून जमवले. त्या संध्याकाळी आलेल्यांत लेस्टरची दोन मराठी कुटुंबंही होती, त्यांच्या मुलाने एंजल बघून विचारलं, हा गणपतीच्या बाजूचा यक्ष आहे का.

काम झालं तो आठवडा

पहिल्या एंजलचं सगळं ठरल्यासारखं झालं. तिपाई उभी केली, रुंद पट्ट्यांनी दगड धरला, पुढची माती हाताने काढली. अडीचशे-पावणेतीनशे किलोचा दगड, एक-एक बोट उचलत सरळ केला, अगदी ओळंब्यात नाही, थोडा कल मुद्दाम ठेवला, आणि खाली खडी-मातीचे थर घालून ठोकून भरले. सिमेंट चिमूटभर नाही.

दुसऱ्याची माती काढायला सुरुवात केली आणि सहा इंचांवर पहार टणकन वाजली. दगडाच्या मागच्या बाजूने सिमेंटची कॉलर. कोणीतरी, बहुतेक सत्तरच्या दशकात, आपल्या परीने चांगलं म्हणून घातलेली, वरून हिरवळ वाढून झाकली गेलेली. मी सळीने टोचलं होतं ते फक्त समोरून.

कॉन्झर्व्हेटरने काम थांबवलं आणि आम्हाला बोलावलं. तिने सांगितलं की दोन रस्ते आहेत, आज माती परत टाकायची आणि कॉलर कापायची वेगळी योजना करून पुन्हा यायचं, म्हणजे नवीन तारीख, पुन्हा तिपाईचं भाडं, साधारण 600 पौंड जास्त. नाहीतर आत्ताच हळूहळू छिन्नीने कॉलर सोडवायची, धोका आहे, किती आहे ते सांगता येत नाही. हिशोब माझ्याकडे होता. खात्यात 340 पौंड होते. मी म्हणाले, आत्ताच करू. वॉर्डनबाईंनी मान हलवली.

दुपारी तीनच्या सुमाराला दगड जमिनीच्या रेषेवर मोडला. आवाज फार मोठा नव्हता. तुटलेल्या कडेवर दोन-तृतीयांश भागात मातीचा जुना डाग होता, म्हणजे भेग कित्येक वर्षं आधीपासूनच होती, पाणी आत जातच होतं. खडखड होती ती ही. कॉन्झर्व्हेटर म्हणाली की आज नाही तर पाच-दहा वर्षांत मोडलाच असता. असेल.

काय झालं

चौदापैकी तेरा दगड उभे आहेत. मोडलेल्याचा वरचा भाग, चेहरा, पंख आणि सगळा मजकूर शाबूत असलेला, चर्चच्या मनोऱ्याखाली लाकडी पट्ट्यांवर उभा ठेवलाय, भिंतीला न चिकटवता, हवा खेळेल असा. खालचा तुकडा जागेवरच, त्याच्या माणसापाशी. परवानगी फक्त सरळ करण्याची होती, मोडलेल्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला. स्टीलच्या पिना घालून जोडायचा की आतच ठेवायचा यावर गटात अजून दोन तट आहेत. मी जोडायच्या बाजूची आहे, पण माझं मत त्या दुपारनंतर जरा हळू आवाजात मांडते.

कौन्सिलने स्टिकर बंद केले, आता दोरीने बांधायचं लेबल. त्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर एक नवीन रकाना आला : दगड अखंड आहे की सांध्याचा. गवतवाल्या काकांनी जुन्या दगडांभोवती वीतभर गवत कापायचंच नाही असं ठरवलं आणि मे महिन्यात तिथे पिवळी रानफुलं आली, त्याचं श्रेय ते स्वतः घेतात, घेऊ देत.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या मीटिंगच्या आधीच न्याय मंत्रालयाच्या 2009च्या सूचना वाचून, छापून टेबलावर ठेवीन. घाबरलेल्या नऊ माणसांना माझं म्हणणं पटवण्यापेक्षा सरकारी कागद दाखवणं सोपं होतं.

सळी चारी बाजूंनी टोचीन. यात पाच मिनिटं गेली असती.

खडखड आणि डुलणं यात फरक करीन. मातीतला दगड मऊ हलतो, तुटका दगड टकटक करतो. मी दोन्हींपुढे वहीत 'हलतो' एवढंच लिहिलं होतं, एकाच रकान्यात, आणि रकाने पाडण्याचीच माझी नोकरी आहे.

कोटेशनमध्ये आधीच अडचणींसाठी वेगळी रक्कम ठेवीन, निदान पाचवा हिस्सा. त्या दिवशी 340 पौंडांनी निर्णय घेतला, आम्ही नाही. गटातले काही म्हणतात की 600 पौंड घालूनही दगड मोडलाच असता, तर काय फरक पडला. पडला असता, कारण कॉलर बारीक करवतीने कापायला वेळ मिळाला असता, सल्लागारांना पुन्हा बोलावता आलं असतं, आणि मोडलाच असता तरी घाईने नसता मोडला.

थांबण्याबद्दल मात्र मी बदलणार नाही. ऑगस्टमधले ते चार मिलिमीटर बघून आम्ही घाबरून दगड काढला असता तर एप्रिलचा आकडा परत आलेला कधी दिसलाच नसता.

ओळंबा अजून माझ्या गाडीच्या डिकीत असतो. सरळ केलेल्या एंजलचं या महिन्याचं माप, गेल्या महिन्यापेक्षा एक मिलिमीटर पुढे. बाबांना कळवलं, ते म्हणाले, बसतोय अजून, बसू दे.